पांडुरंग सदाशिव साने, ऊर्फ साने गुरुजी

या अंकी आम्ही ज्यांचे चरित्र देत आहोत ते गृहस्थ कोणत्या फडाचे नव्हते, कोणत्या दिंडीचे विणेकरी नव्हते, की कीर्तनकार म्हणून गावोगाव फिरलेले नव्हते. ते कवी होते, कादंबऱ्या लिहीत, आणि मूळचे शाळामास्तर. मग त्यांचे चरित्र आमच्या मासिकात कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला आमचे उत्तर सरळ आहे. इ. स. 1947 च्या मे महिन्यात या माणसाने पंढरपुरात दहा दिवस अन्न वर्ज्य केले, ते आपल्या पांडुरंगाच्या दारापायी. त्या दहा दिवसांचा हिशेब आम्हा वारकऱ्यांच्या वहीत मांडलेला असलाच पाहिजे. आणि खरे सांगायचे तर त्या वहीतली काही पाने आम्हाला अडचणीचीही आहेत. पण ती फाडून कशी टाकायची?

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात पालगड गावी झाला. पालगड दापोली तालुक्यात येते. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. मुलाचे नाव पांडुरंग. घराण्यात खोतकी होती, म्हणजे एके काळी खाऊनपिऊन सुखी असे घर. पण भाऊबंदकी, कोर्टकज्जे आणि कर्ज या तिघांनी मिळून ते घर पोखरले. पांडुरंग लहान असतानाच घरावर जप्ती आली आणि राहते घर गेले. वडील टिळकांच्या बाजूचे. त्यांना सरकारने काही दिवस तुरुंगातही ठेवले होते. पण त्यानंतर ते राजकारणातून बाजूलाच झाले. गरिबी एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी दोन दिवसांनी उठून जात नाही. या घरातून ती गेलीच नाही.

या गरिबीत यशोदाबाईंनी मुलांना काय दिले, हे पुढे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. एक प्रसंग तर आमच्या आयाबहिणींना तोंडपाठ असेल. न्हाणे झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून मूल हट्ट धरते, आणि आई आपले लुगडे पुढे पसरून त्यावर पाय पुसू देते. मग देवपूजेला निघालेल्या मुलाला ती हळूच सांगते की, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनालाही जप. यात पोथीतले काही नाही. पण आम्ही पुष्कळ निरूपणे ऐकली आहेत, आणि चित्तशुद्धीचे याहून सोपे निरूपण आमच्या ऐकण्यात नाही.

दुसरा प्रसंग आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. एक महार समाजाची म्हातारी लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन चालली होती. मोळी खाली पडली. ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला कोणी तयार नाही. आईने मुलाला सांगितले की जा, हात लाव, आणि घरी येऊन आंघोळ कर. आता आजचा वाचक या आंघोळीपाशी अडखळेल, आणि अडखळलेच पाहिजे. त्या माऊलीची करुणा एवढी मोठी की भर रस्त्यावर तिने ब्राह्मणाच्या पोराला मोळी उचलायला लावली. पण रूढीचा पाश असा की स्नान मात्र सुटले नाही. गुरुजींनी आईची ही आठवण लपवली नाही, घासूनपुसून साफही केली नाही. जशी होती तशी लिहिली. आम्हाला वाटते, त्यांचे उरलेले आयुष्य म्हणजे आईने अर्धी सोडलेली ती वाट पुढे चालणे होते.

शिक्षणाची कहाणी थोडक्यात सांगतो. प्राथमिक शाळा पालगडला, पुढे दापोलीला मिशनच्या शाळेत. पैसे पुरेनात म्हणून विद्यार्थ्यांची जेवणाची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तिथे प्लेगची साथ आली आणि परतावे लागले. मग पुण्याला नूतन मराठी विद्यालय. पुण्यात असतानाच 1917 साली आई गेली, आणि शेवटची भेट झाली नाही. ही सल त्यांच्या मनातून कधीच निघाली नाही. 1918 साली ते मॅट्रिक झाले, पुढे न्यू पूना कॉलेजात शिकून पदवीधर झाले. मराठी आणि संस्कृत यांचा त्यांचा अभ्यास पक्का होता.

तेथून ते खानदेशात अमळनेरला आले. अमळनेर म्हटले की वारकऱ्याला आधी सखाराम महाराज आठवतात, बोरी नदीचे वाळवंट आणि वैशाखातली यात्रा आठवते. त्याच गावात श्रीमंत प्रतापशेठांनी काढलेले तत्त्वज्ञान मंदिर होते. वेदान्ताचा अभ्यास करायचा म्हणून पांडुरंगराव तिथे राहिले. पण नुसत्या ग्रंथांत हा जीव रमेना. 1924 साली ते तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

वसतिगृहातले त्यांचे वागणे कसे होते? मुलगा शाळेत गेला की त्याची पसरलेली वळकटी हे गुंडाळून ठेवणार, मळके कपडे धुऊन वाळत घालणार, खोली झाडून काढणार, आणि वर बोलणार काही नाही. दोन दिवसांनी मुलालाच लाज वाटायची आणि तो आपले काम आपण करू लागायचा. छडीने हे झाले नसते. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत, तेही स्वतःच्या हाताने लिहून. रोज पहाटे उठून लिहायचे आणि भिंतीवर लावायचे. 1928 साली 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. मुलांनी त्यांना गुरुजी म्हटले, ते नाव कायमचे चिकटले. नोकरी फार तर सहा वर्षांची. 1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजी राजीनामा देऊन त्यात पडले.

मग तुरुंग. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक. दुसऱ्या कोणाचे दिवस तिथे वाया गेले असते. गुरुजींची लेखणी तिथेच वाहू लागली. दक्षिणेतल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तामिळ माणसांचा सहवास घडला, आणि पुढे त्यांनी तिरुवल्लुवरांचा कुरल मराठीत आणला. आपल्या विठोबाला कानडा म्हणणाऱ्या आम्ही दक्षिणेच्या संतवाणीची ओळख करून घेण्यात मात्र नेहमीच आळस केला आहे, हे जाता जाता सांगून टाकतो.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबाजी होते. दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. 21 फेब्रुवारीला आरंभ झाला आणि 19 जूनला अठरावा अध्याय संपला. समोर गुरुजी कागद घेऊन बसत आणि शब्दन् शब्द उतरवून घेत. आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक भारताच्या कितीतरी भाषांत वाचले जाते, आमच्या फडावरच्या पुष्कळ मंडळींच्या पडशीत ते असते. ते आपल्या हाती आले याचे कारण साने गुरुजींचा तो झपाट्याने चालणारा हात. ज्ञानोबांच्या मुखातून ज्ञानदेवी निघाली तेव्हा सच्चिदानंदबाबा लेखक झाले, हे आम्ही आदराने सांगतो. हा दुसरा लेखकही तसाच आदराने आठवण्याजोगा आहे.

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. 9 फेब्रुवारी 1933 रोजी लिहायला सुरुवात केली, 13 तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. दिवसा तुरुंगातले काम, आणि उरल्या वेळात व रात्री लिहिणे. थोड्या आठवणी पुढे बाहेर आल्यावर लिहिल्या, पण बहुतेक पुस्तक त्या पाच दिवसांतले आहे. बेचाळीस रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईची गोष्ट सांगतो, अशी तिची मांडणी. 1935 साली ते छापून निघाले. पुढे 1953 साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, वनमालाबाईंनी आईचे काम केले, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. ते पाहायला गुरुजी नव्हते.

आमच्या दिंडीत एका वर्षी दुपारच्या विसाव्याला एका मुलीने हे पुस्तक मोठ्याने वाचायला घेतले. भोवती बसलेल्या बायांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. शेजारच्या झाडाखाली हरिपाठ चालला होता, तिकडची माणसे एकेक करून इकडे सरकू लागली. विणेकरीबुवा थोडे रागावले, मग तेही येऊन बसले. निघायची वेळ झाली तरी कोणी उठेना.

गुरुजींच्या बाकीच्या लेखनाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'पत्री' हा त्यांचा काव्यसंग्रह. पत्री म्हणजे देवाला वाहायची पाने, फुले नव्हेत. नावातच नम्रता आहे. त्यात देवाला आळवणारी पदे आहेत तशी देशासाठी तळमळणारीही आहेत, आणि त्या दुसऱ्या प्रकारापायी इंग्रज सरकारने पुस्तकावर हात टाकला. जगाला प्रेम देणे हाच धर्म, असे सांगणारी त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या म्हटली गेली. कादंबऱ्या तर पुष्कळ. 'धडपडणारी मुले', 'श्याम', 'क्रांती', 'तीन मुले', 'सती', 'संध्या', 'रामाचा शेला'. शिवाय 'भारतीय संस्कृती' हा निबंधग्रंथ 1937 सालचा. त्याचा पायाच अद्वैताचा आहे, आणि अद्वैत पोथीत ठेवून शिवाशिव पाळणाऱ्यांना त्यात चांगलेच खडसावले आहे.

साहित्यातले जाणते लोक म्हणतात की गुरुजींच्या कादंबऱ्यांत अश्रू फार, कलाकुसर कमी. पात्रे एक तर फार चांगली, नाही तर लवकरच चांगली होणारी. आम्ही काही साहित्याचे परीक्षक नव्हे, पण हे म्हणणे सगळेच खोटे नाही असे आम्हालाही वाटते. काही कादंबऱ्या वाचताना मधली पाने उलटावीत असे होते. मात्र 'आस्तिक' तशी नाही. जनमेजयाने सर्पसत्र मांडले ही महाभारतातली कथा आपण जाणतोच. गुरुजींनी त्यातले सर्प म्हणजे नाग नावाची माणसे मानली, आणि आर्य व नाग यांच्यातले वैर आस्तिक ऋषी कसे विझवतात ते सांगितले. एक जमात दुसरीला जाळायला निघाली आहे, आणि यज्ञकुंडाशी उभा राहून कोणी एक जण ते थांबवतो. ही गोष्ट ज्याने लिहिली तो पुढे पंढरपूरला जाऊन बसला, यात आम्हाला नवल वाटत नाही.

मधली वर्षे भराभर सांगतो. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. त्यासाठी गुरुजींनी खानदेश पायांखाली घातला. पिके बुडालेल्या शेतकऱ्यांना सारा माफ व्हावा म्हणून झगडले, गिरणीकामगारांत काम केले, 1938 साली 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक चालवले. 1942 च्या चळवळीत भूमिगत झाले, पुन्हा तुरुंग भोगला.

आता पंढरपूर.

वाचकहो, चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीपाशी. मंगळवेढ्याला वेस बांधताना भिंत कोसळली, तीत चोखोबा गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या. सहाशे वर्षे आम्ही त्या समाधीला हात लावून आत जात होतो. चोखोबांचे अभंग आळवून म्हणत होतो, कीर्तनात त्यांच्यावर पूर्वरंग लावत होतो, आणि त्यांच्याच कुळातली माणसे समाधीपाशी थांबून तिथूनच कळसाला हात जोडत होती. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही, दगडी उंबरठ्याशी आलो की वेगळे होत होतो. हे आम्हाला दिसत नव्हते असे नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीची डोळ्यांना सवय होते.

बाहेर काळ बदलत चालला होता. नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. तेव्हा पंढरपूरचे दार उघडण्याचा प्रश्न गुरुजींनी हाती घेतला त्या वेळी पुष्कळ दलित बांधव त्या दाराकडे पाठ फिरवून पुढे गेलेही होते. गुरुजींना हे कळत होते. म्हणून आमच्या समजुतीने हे उपोषण दलितांवर उपकार करण्यासाठी नव्हतेच. आत उभे असलेल्यांचे पाप धुण्यासाठी होते. देश स्वतंत्र होणार हे दिसू लागले होते, आणि महाराष्ट्राचे हृदय जे पंढरपूर तेच बंद असताना कोणते स्वातंत्र्य आले म्हणायचे, ही त्यांची तळमळ.

आरंभी त्यांचा विचार 1946 च्या कार्तिकीलाच उपोषणाला बसण्याचा होता. मित्रांनी थांबवले, की आधी लोकमत तयार करू. मग पुढचे महिने गुरुजींनी महाराष्ट्र पिंजून काढला. राष्ट्र सेवा दलाची मुले कलापथक घेऊन बरोबर होती. सभा होत, गाणी होत, आणि गुरुजी बोलता बोलता रडत. लोक त्यांच्या रडण्याला हसत, पण त्याच दौऱ्यात कितीतरी गावांची मंदिरे आणि पाणवठे उघडले गेले.

पंढरपूरचे बडवे मात्र बधले नाहीत. 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू झाले. बसायचे कुठे हाही प्रश्नच होता, कारण गावात वातावरण तापलेले. तेव्हा तनपुरे महाराजांच्या मठात जागा मिळाली. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. वारकऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या वेळी विरोध केला, काही नामवंत मंडळी धर्म बुडाला म्हणून ओरडली, आणि बहुतेक जण गप्प बसले. त्या गर्दीत एका महाराजांच्या मठाने दार उघडे ठेवले. वैशाखाचे ऊन, चंद्रभागेत पाणी नावाला, आणि मठात एक पन्नाशीकडे झुकलेला दुबळ्या शरीराचा माणूस पडून आहे.

त्यातच महात्माजींची तार आली. त्यांच्याकडे जी माहिती गेली होती तीवरून हे उपोषण बरोबर नाही असे त्यांना वाटले, आणि ते सोडावे असा त्यांचा सल्ला होता. गुरुजींचे दैवतच ते! ज्यांच्या हाकेसरशी नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्यांचाच शब्द आता मोडायचा? सोबतीही घोटाळ्यात पडले. गुरुजींना अतोनात दुःख झाले, पण उपोषण त्यांनी सोडले नाही. आपल्या अंतःकरणातल्या देवाची आज्ञा त्यांनी वर मानली. आम्हाला या सगळ्या चरित्रातला हा क्षण सर्वांत कठीण वाटतो. विरोधकांपुढे ठाम राहणे जमते हो. गुरूपुढे नम्र राहून ठाम राहायचे, हे फार थोड्यांना जमले आहे.

पुढे केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर पंढरपुरात आले. त्यांनी दोन्ही बाजूंशी बोलून मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली, आणि 10 मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच साली मुंबई कायदेमंडळाने ज्यांना तेव्हा हरिजन म्हणत त्यांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. 15 ऑगस्टला स्वराज्य आले. बडवे-उत्पातांच्या हक्कांचा वाद पुढेही पुष्कळ वर्षे कोर्टात चालला. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शासनाच्या बाजूने निकालात काढला. पण तो निराळा विषय.

30 जानेवारी 1948 ला महात्माजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला, या जाणिवेने गुरुजी खचले, आणि त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' त्यांनी याच काळात लिहिली; त्यांत पानाफुलांपासून देशोदेशींच्या गोष्टींपर्यंत सारे येते. भारतातल्या सर्व भाषांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांचे वाङ्मय जाणावे यासाठी आंतरभारती नावाची संस्था काढण्याचे त्यांच्या मनात होते. कुरल मराठीत आणणाऱ्यालाच हे सुचावे. नामदेवराय पंजाबात जाऊन राहिले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. तीच ही वाट.

ती संस्था उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही. 11 जून 1950 रोजी गुरुजींनी आपल्याच हाताने जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास. पुष्कळ चरित्रकार या ठिकाणी गोलमाल शब्द वापरतात. काहींनी याला संतांच्या समाधीची उपमाही दिली आहे. आम्ही तसे करणार नाही. संजीवन समाधी वेगळी आणि हे वेगळे. ज्या माणसाने हजारो मुलांचे डोळे पुसले त्याच्या मनात किती अंधार साठला होता, हे जवळच्यांनाही पुरते उमगले नाही, आणि याची हळहळ आजही जात नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार आमचा नाही. पण आमच्या वाचकांत कोणी असा आतल्या आत कोंडलेला असेल, तर त्याने आपल्या माणसांपाशी, माळकऱ्यापाशी, डॉक्टरापाशी मन मोकळे करावे, एवढे हात जोडून सांगतो.

पालगडला त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. 'साधना' त्यांच्या मागेही निघत राहिली. पंढरपुरात तनपुरे महाराजांचा मठ आहे. येत्या वारीला दर्शनबारीतून बाहेर पडल्यावर पाय थकले नसतील तर वाचकांनी तिथे जाऊन यावे. कोणालाही विचारले तर वाट दाखवतील.